ट्रेलरही ओढायचाय, रोज ऑफिसलाही न्यायचीय: पिकअप घेणाऱ्या पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

पिकअप घ्यायची म्हटलं की माणूस पहिल्यांदा इंजिनावर येतो, किती पीएस (ताकद), किती न्यूटन मीटर (टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर), झालं, बाकी सगळं नंतर. इथे क्रम उलटा लावलाय. आधी ट्रेलरचं वजन, मग ब्रेक, मग गाडीवर किती बोजा चालतो ते, मग पार्किंग आणि मागच्या सीटवरच्या लोकांची पाठ, आणि इंजिन जाता जाता. कारण आजकालच्या डिझेल पिकअपमध्ये ताकद कमी पडली असं फार कमी वेळा होतं, कमी पडतं ते दुसरंच काहीतरी.

मला खरंच पिकअप लागते का, की नुसती हौस आहे?

हौस असेल तर काही चूक नाही, फक्त स्वतःशी तरी कबूल करा. महिन्यातून एकदा दोन डर्ट बाइक मुळशीला न्यायच्यात एवढंच काम असेल तर त्या हौद्यातच जातात किंवा भाड्याचा टेम्पो मिळतो, ट्रेलरची गरज नाही. कायाक टपावर बांधून पण जातात. पण रॅलीची जीप, घोड्यांची ट्रॉली, खडकवासला-पानशेतला न्यायची बोट, कॅम्पर, केटरिंगवाल्याचा फूड ट्रेलर, शेतावर फिरवायचा जनरेटर, असं काही नेहमीचं असेल तर लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली), चेसिसवाली (खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेली) गाडी हवी. आणि फक्त माल वाहायचाय, आराम वगैरे काही नको, तर मग सरळ मालवाहू गाडी बघा. टाटा योद्धा २.० ही २०२२ साली २ टन पेलोड (पाठीवर घेता येणारं वजन) घेऊन आली, तेवढं वजन या तीस-चाळीस लाखांच्या शौकीन पिकअप पाठीवर घेतच नाहीत. हे ऐकून बरेच जण चमकतात पण तसंच आहे.

यूट्यूबवर दिसतात त्या अमेरिकन हेवी ड्यूटी पिकअप इथे आणता येतील का?

फोर्ड एफ-२५० सुपर ड्यूटी, रॅम २५००, शेवरोले सिल्व्हरॅडो २५०० एचडी, हा सगळा वर्गच वेगळा आहे. फोर्डच्या ६.७ लिटर डिझेलचं जास्त ताकदीचं इंजिन ५०० हॉर्सपॉवर आणि १,२०० पाउंड-फूट, म्हणजे आपल्या भाषेत १,६०० न्यूटन मीटरच्या वर टॉर्क देतं. गाडी सव्वासहा मीटरपेक्षा लांब, आरसे सोडून दोन मीटर रुंद. आता ती घेऊन तुम्ही लक्ष्मी रोडला शिरताय असं डोळ्यासमोर आणून बघा.

त्यातून त्या येतात डाव्या स्टिअरिंगच्या आणि आपल्याकडे आयात करायची तर उजव्या स्टिअरिंगची लागते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रॅम आणि सिल्व्हरॅडो उघडून उजव्या स्टिअरिंगच्या करून विकतात, तिकडून आणायचा विचार कोणी करत असेल तर आयात ड्यूटी, होमोलोगेशन (इथल्या नियमांत गाडी पास करून घेणं) आणि मग पार्ट्स, हे तिन्ही आकडे एका कागदावर लिहून घरच्यांना दाखवा, बाकी निर्णय घरातच होईल.

तरी त्या गाड्यांकडून एक गोष्ट शिकायला मिळते. रॅम २५०० ला २०१४ पासून मागे कमानपाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आहेत, फोर्ड आणि शेवरोलेच्या हेवी ड्यूटीला अजून पाटेच. रिकामी असताना रॅम मऊ चालते असं तिकडचे लोक म्हणतात ते यामुळेच. म्हणजे ओढायची ताकद आणि रोजचा आराम यांची ओढाताण तिकडेही संपलेली नाही. (आणि रॅममधलं डिझेल इंजिन कमिन्सचं असतं, १९८९ पासून. कर्वेनगरच्या कॉलेजमुळे पुण्यात ते नाव घराघरात माहिती आहे, १९६२ ला किर्लोस्कर कमिन्स इथेच सुरू झाली, पण ते रॅमचं इंजिन काही कोथरूडला बनत नाही, दरवेळी कोणीतरी विचारतंच.)

मग आपल्याकडे पर्याय काय?

आराम पण हवा आणि ओढायचं पण आहे, तर घरगुती वापराच्या पिकअपमध्ये नावं दोनच पुढे येतात. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर. टोयोटा हायलक्स, २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस, मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर. हायलक्स २०२२ ला आली, व्ही-क्रॉस त्याच्या कितीतरी आधी २०१६ पासून आहे, त्यामुळे सेकंडहँडमध्ये ती जास्त दिसते. दोन्ही साधारण ५.३ मीटर लांब.

माझं मत विचाराल तर ट्रेलर रिकाम्या वजनासकट ८००-९०० किलोच्या आत असेल आणि बजेट ताणायचं नसेल तर व्ही-क्रॉस पुरते, दर आठवड्याला जड काहीतरी घेऊन घाट चढायचा असेल तर हायलक्स ऑटोमॅटिक. बोलेरो कॅम्परसारख्या गाड्या कामाला वाघ आहेत पण त्यात बसून मुंबई गाठायची आणि उतरल्यावर मीटिंग करायची म्हणजे जरा कठीणच.

परदेशी साइटवर लिहिलंय ३,५०० किलो ओढते, म्हणजे इथेही तेवढं चालेल ना?

नाही. म्हणजे आकडा खोटा नाही, ऑस्ट्रेलियात फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) हायलक्सला ब्रेकवाला ट्रेलर ३,५०० किलो आणि बिनब्रेकचा ७५० किलो असंच लिहितात, ब्रिटनमध्ये १.९ लिटरच्या डी-मॅक्सलाही ३,५०० देतात. पण तो आकडा तिथल्या मॉडेलचा आहे, तिथले स्प्रिंग, तिथला एकूण वजनाचा परवाना, तिथला हिच (गाडीमागे ट्रेलर जोडायचा लोखंडी सांधा), आणि मुख्य म्हणजे तिथला ट्रेलर, ज्याला स्वतःचे ब्रेक असतात. तुमच्या गाडीला लागू होतो तो तुमच्या गाडीवर कंपनीने लावलेल्या वजनाच्या पाटीवरचा आणि मॅन्युअलमधला आकडा. त्यात टोइंगबद्दल काही लिहिलेलंच नसेल तर कंपनीला ईमेल करून लेखी विचारा, सेल्समनचं "होऽऽ सर आरामात ओढते" याला काही अर्थ नाही, उद्या क्लेम अडकला की तो फोन उचलणार नाही.

त्या सगळ्यातला लक्षात ठेवायचा आकडा ३,५०० नाहीच, ७५० आहे. बिनब्रेकचा ट्रेलर ७५० किलोच्या पुढे नको ही मर्यादा युरोपातही आहे आणि ऑस्ट्रेलियातही, आणि आपल्याकडे वेल्डिंग करून बनवलेले बहुतेक ट्रेलर बिनब्रेकचेच असतात.

पेलोड, टंग वेट, ग्रॉस वेट... हे जरा सोप्या भाषेत सांगा ना

गाडीच्या पाटीवर एकूण वजन लिहिलेलं असतं, म्हणजे गाडी अधिक माणसं अधिक सामान सगळं मिळून जास्तीत जास्त इतकं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते पेलोड. लोक समजतात ट्रेलर वेगळ्या चाकांवर आहे म्हणजे त्याचा पेलोडशी संबंध नाही, तर तसं नाहीये, ट्रेलरचा पुढचा दांडा तुमच्या हिचच्या बॉलवर, म्हणजे गोळ्यावर, टेकलेला असतो आणि तो जेवढा खाली दाबतो तेवढं वजन तुमच्या गाडीने उचललेलं असतं. हेच टंग वेट, आणि ते ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावं लागतं.

आता हिशेब करू. समजा पेलोड निघालं ४५० किलो. चार मोठी माणसं, धरा २८० किलो. ट्रेलर भरून १,२०० किलोचा, म्हणजे बॉलवर १५० तरी आले. झाले ४३०. उरले वीस किलो, आणि ज्या हिचला ट्रेलर लावला ते लोखंड स्वतःच वीस-पंचवीस किलोचं असतं. म्हणजे हौदा पूर्ण रिकामा दिसतोय, गाडी मात्र कायद्याने फुल्ल झाली. त्यात कोणीतरी म्हणतो अरे मागे जागा आहे की, पाण्याचे दोन जार टाक आणि तो कोळशाचा पोता पण टाक.

म्हणून सांगतो, टॉर्कचा आकडा दुसऱ्यांना सांगायला घ्या, गाडी निवडताना पेलोड बघा. दोन व्हेरियंटमध्ये पण फरक असतो, वरच्या मॉडेलला जे जास्तीचं सामान येतं त्याचं वजन तुमच्याच पेलोडमधून जातं.

ट्रेलरचं वजन मोजायचं कसं, अंदाजे धरलं तर?

अंदाज नेहमी कमी निघतो, हे धरूनच चाला. वजनकाटा सगळीकडे आहे, मार्केट यार्डाच्या बाजूला आहेत, चाकण-भोसरीकडे तर पावलोपावली आहेत, पन्नास-शंभर रुपयाची पावती. सकाळी लवकर गेलात तर ट्रकची लाइन नसते.

असं करायचं: नेहमी जसा भरता तसा ट्रेलर पूर्ण भरायचा, पाणी, गॅस, दोऱ्या, स्टेपनी सगळं. पहिल्यांदा गाडी आणि ट्रेलर दोन्ही काट्यावर घ्यायचे, एक पावती. मग गाडी पुढे काढून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवायची, ट्रेलर अजून हूकला लागलेलाच, दुसरी पावती. मग तिथेच ट्रेलर सोडायचा, पुढचं छोटं चाक खाली करून उभा करायचा, ते चाक पण काट्यावर आलं पाहिजे, आणि तिसरी पावती. तिसऱ्यातून दुसरी वजा केली की जे येतं ते बॉलवरचं वजन. काटेवाला दोनदा विचारेल साहेब नक्की काय करताय, त्याला चहा सांगा.

लहान ट्रेलर असेल तर घरचा वजनाचा काटा पण चालतो. सपाट जागा, चाकांना अडवायला दगड, काट्यावर फळी, फळीवर लाकडाचा ठोकळा आणि त्यावर दांडा, उंची मात्र गाडीला लागल्यावर असते तेवढीच हवी, कमी-जास्त झाली की आकडा चुकतो.

आणि हे सगळं गाडी घ्यायच्या आधी करायचं बरं का. मित्राची गाडी मागा नाहीतर ट्रेलर भाड्याच्या टेम्पोवर टाकून काट्यावर न्या, पण आकडा हातात असल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका.

ट्रेलर मागे लहरायला लागतो, सापासारखा, काय करायचं?

लहरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे बॉलवर वजन कमी आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाला जास्त. जड वस्तू ट्रेलरच्या एक्सलवर किंवा जराशी पुढे ठेवायची, मागे नाही. जीप चढवताना इंजिन पुढे येईल अशी चढवा आणि मग इंच-इंच पुढेमागे करून वजन जुळवा.

चालत्या गाडीत सुरू झालं तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेकवर उभं राहू नका आणि वेग वाढवून सरळ करायला तर अजिबात जाऊ नका. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतील आणि कंट्रोलर हाताशी असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे, तो मागून ताणला जातो आणि सरळ होतो. एक्सप्रेसवेवर शेजारून व्होल्वो बस गेली की जो धक्का बसतो ना, बऱ्याचदा सुरुवात तिथूनच होते.

घाटात काय काळजी घ्यायची? कात्रज, खंबाटकी, खंडाळा?

चढताना काही नाही हो, फार तर हळू जाल, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा आणि एवढंच.

खरी परीक्षा उतरताना. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा जो उतार आहे तो दिसायला साधा, सरळ रस्ता, वळण नाही, त्यामुळे कोणाला घाट वाटतच नाही. आणि तिथेच किती अपघात झालेत ते पुण्यात सांगायची गरज नाही, डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये टाकून येणारे ट्रक आणि खाली येईपर्यंत तापून गेलेले ब्रेक. तुमची पिकअप अधिक ट्रेलर म्हणजे त्याच प्रकारातली लहान आवृत्ती आहे. ६० च्या ऐवजी ८० ने उतरलात तर थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीच्या वर जाते, कारण ती वेगाच्या वर्गात वाढते, आणि त्यातली बरीचशी उष्णता पुढच्या दोन डिस्कवर येते.

म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, उतारावर आल्यावर नाही. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला टाकून तिसरा-दुसरा धरून ठेवायचा, इंजिन ओरडेल, ओरडू दे, त्याच्यासाठीच आहे. ब्रेकवर सतत पाय ठेवून घासत यायचं नाही, एकदा नीट दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा, ब्रेकला थंड व्हायला वेळ द्यायचा. साताऱ्याकडून येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतरचं एस वळण, दिवे घाट, ताम्हिणी, सगळीकडे हेच. जळक्या वासाची शंका आली की जागा बघून बाजूला थांबा आणि चाकावर पाणी ओतू नका, लोक हौसेने बाटली रिकामी करतात आणि डिस्क वाकडी करून घेतात.

७५० किलोच्या पुढचा ट्रेलर असेल तर त्याला ब्रेक बसवूनच घ्या. दोन प्रकार असतात, एक ओव्हररन, म्हणजे गाडीने वेग कमी केला की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्या धक्क्यानेच त्याचे ब्रेक लागतात, दुसरा इलेक्ट्रिक, ज्याला गाडीत कंट्रोलर लागतो. इलेक्ट्रिक महाग पडतो पण घाटाच्या गावात राहता तर तोच बरा.

ऑटोमॅटिक की मॅन्युअल?

ऑटोमॅटिक. मला माहितीये मॅन्युअलवाले चिडणार. पण ट्रेलर मागे लावून चढावर रिव्हर्स घ्यायची वेळ आली की क्लच अर्धा सोडून इंच-इंच सरकावं लागतं आणि पाच मिनिटात क्लचचा वास येतो, ऑटोमॅटिकच्या टॉर्क कन्व्हर्टरला तो त्रास नाही. शिवाय रोज हिंजवडीला जाणार असाल तर डाव्या पायाला विचारा. फक्त ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल जड ओढणीत तापतं, म्हणून चढावर वरचा गिअर सारखा आत-बाहेर करत असेल तर तुम्हीच खालच्या गिअरला धरून ठेवा आणि ऑइल बदलायची मुदत जड वापराची धरा, साध्या वापराची नाही.

रिकामी असताना फार आपटते, खड्ड्यात तर कणा हलतो. इलाज?

आपटणारच, कमानपाटे मागे वजन येईल या हिशेबाने बनवलेले असतात, रिकामा हौदा म्हणजे त्यांच्यासाठी काहीच नाही. पहिला इलाज फुकटचा आहे, टायरची हवा बघा. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात आणि पंपावरचा मुलगा मोठी गाडी बघून चारही चाकांत सरसकट चाळीस भरून मोकळा होतो. रिकाम्याची हवा ठेवली तर निम्मी तक्रार जाते. ट्रेलर लावायच्या दिवशी मात्र आठवणीने मागची वाढवायची.

दुसरा, शॉकअब्सॉर्बर चांगल्या कंपनीचे बदलून घ्या, त्याने मागचं उडणं कमी होतं. तिसरा जो लोक करतात तो म्हणजे पाटा काढून टाकणं, ते करू नका, गॅरेजवाला म्हणेल साहेब एक पान काढू मऊ होईल, होईल मऊ, आणि ट्रेलर लावला की मागची बाजू बसेल, पुढची वर जाईल, हेडलाइट आकाशात आणि पुढच्या चाकांची पकड कमी. हौद्यात कायम ५०-६० किलो वाळूची पोती ठेवणारेही आहेत, फरक पडतो, पण नीट बांधा, आणि पेलोडमधून वजा करायला विसरू नका.

एक खरं सांगायचं तर फॉर्च्युनरसारखी कॉइल स्प्रिंगवाली एसयूव्ही पुण्याच्या रस्त्यावर जेवढी आरामशीर वाटेल तेवढी पिकअप वाटणार नाही. पाटे बदलून, टायर बदलून, काहीही करून.

मागच्या सीटवर आई-बाबा बसतील का व्यवस्थित?

गावात फिरायला बसतील. कोल्हापूरपर्यंत कुरकुर होईल. डबल कॅबमध्ये मागच्या सीटची पाठ जरा जास्तच ताठ असते कारण तिच्या मागे लगेच केबिनची भिंत आणि मग हौदा, कलायला जागाच नाही. गाडी उंच, त्यामुळे गुडघेदुखी असेल तर साइड स्टेप आणि दाराच्या वरची पकडायची दांडी दोन्ही हवंच. टेस्ट ड्राइव्हला त्यांना घेऊन जा आणि तुम्ही स्वतः पण दहा मिनिटं मागे बसा, कोणी बसत नाही, सगळे स्टिअरिंगवरच.

सोसायटीत पार्किंगला बसेल का?

टेप घेऊन खाली जा. पार्किंगची जागा बऱ्याच ठिकाणी अडीच बाय पाच मीटर असते आणि हायलक्स आहे ५,३२५ मिलिमीटर, म्हणजे फूटभर बाहेर. बाहेर आलं की समोरच्या नेनेकाकांची गाडी वळत नाही, मग ग्रुपवर फोटो, मग एजीएम. पाठीमागे हिचचा बॉल असेल तर अजून पाव मीटर धरा, आणि तो काढून ठेवता येतो असाच घ्या, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागून वर्षभर शिव्या खाल. बेसमेंटला उंचीचा प्रश्न सहसा येत नाही, पण टपावर तंबू किंवा मागे उंच कॅनोपी लावलीत की मॉलचा दांडा मोजून मगच आत शिरा.

पेठांमध्ये राहत असाल तर... राहू दे, दुसरी गाडी पण असेल तरच विचार करा.

पावसाळ्यात हौद्यातलं सामान?

झाकण लागतंच. कापडी कव्हर स्वस्त पण जूनच्या पहिल्या जोरदार पावसात मधोमध पाणी साचून लोंबतं, घडीचं कडक कव्हर बरं. कुठलंही असलं तरी फाळक्याच्या फटीतून थोडं पाणी आत येतंच, त्यामुळे लॅपटॉपची बॅग केबिनमध्येच. सिग्नलला उघड्या हौद्यातून हेल्मेट, दोरी, जॅक असं काहीही गायब होतं हेही धरा.

हौद्यात माणसं बसवली तर चालतं ना, गणपतीला वगैरे?

नाही चालत. कायद्यानेही नाही आणि एका जोरदार ब्रेकमध्ये कळतं का नाही ते.

फोर बाय फोर हवंच का?

ओढायला म्हणाल तर डांबरी रस्त्यावर नाही. पण बोट पाण्यातून ओढून ओल्या उतारावरून वर काढायची असेल किंवा पावसाळ्यात वेल्हे-मुळशीकडच्या शेतावरच्या लाल चिखलातून ट्रेलर न्यायचा असेल तर फोर-लो (चारही चाकं हळू पण जास्त जोराने फिरवणाऱ्या) गिअरसारखं दुसरं काही नाही, क्लच-गिअरबॉक्स दोन्हीचा जीव वाचतो. कोरड्या पक्क्या रस्त्यावर मात्र ते लावून फिरू नका, या पार्ट-टाइम सिस्टिममध्ये पुढचे-मागचे एक्सल एकत्र बांधले जातात आणि वळताना सगळं पिळवटतं. हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, तो आकडा रिकाम्या, ट्रेलर नसलेल्या आणि हळू चाललेल्या गाडीचा समजा, भिडे पुलावर पाणी आलं की जाऊन बघायला दिलेला नाही.

ट्रेलरचं पासिंग, लायसन्स, इन्शुरन्स?

रस्त्यावर ओढायला परवानगी आहे ती नोंदणी केलेल्या ट्रेलरला किंवा बंद पडलेल्या गाडीला. भोसरीत कोणाकडून तरी वेल्डिंग करून घेतला, मागे गाडीचाच नंबर रंगवला, असं बरेच फिरतात, पण अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारतो. म्हणून मंजूर डिझाइनचा ट्रेलर घ्या, बनवणाऱ्याकडे टाइप अॅप्रूव्हलचे कागद मागा, स्वतंत्र नोंदणी करा आणि तुमच्या पॉलिसीत ट्रेलर वेगळा नोंदवून घ्या. मंजुरीचं काम करणारी एआरएआय आपल्याच टेकडीवर बसलीय, लोक तिथे फक्त सकाळी फिरायला जातात.

लायसन्सबद्दल, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत स्पष्ट केलं की ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या मोटारीचं) लायसन्स पुरतं. नंबरप्लेट पांढरी (खाजगी) की पिवळी (व्यावसायिक) हे मात्र बुकिंगच्या आधी डीलरकडून लेखी घ्या, व्ही-क्रॉस आणि हायलक्स पांढऱ्या पाटीवर सर्रास दिसतात, कामाच्या पिकअप पिवळ्यावर, आणि टॅक्स, फिटनेस, इन्शुरन्स सगळं त्यावरून बदलतं.

टो हिच बाहेरून बसवला तर? आणि पुढे बुलबार?

हिच चेसिसला बोल्टने बसतो तो घ्या, बंपरला लटकवलेला नाही. वायरिंगवाला टेललाइटची वायर सोलून जोडतो म्हणाला तर हात जोडा, आजकालच्या गाड्यांत त्याने एरर यायला लागतात, वेगळं मॉड्यूल लावून घ्या. वॉरंटीचं आधी विचारा. बुलबारवर केंद्राने डिसेंबर २०१७ पासून बंदी घातलीय, पोलीस अडवतातही, आणि वजन परत पुढच्या एक्सलवर, फायदा शून्य.

लावताना रोज एवढं बघा: कपलर (ट्रेलरच्या दांड्याचं तोंड) बॉलवर पूर्ण बसला का, लॅच लागल्यावर छोट्या चाकाचा जॅक फिरवून दांडा वर उचलायचा, गाडीची मागची बाजू सोबत वर आली म्हणजे पकड आहे. साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या, म्हणजे सुटलाच तर दांडा त्यांच्यावर पडेल, रस्त्यावर नाही. मग ते छोटं चाक पूर्ण वर, आणि घरातल्या कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट, दोन्ही इंडिकेटर.

थारने ओढतात की लोक, मग पिकअप कशाला?

ओढतात. पण व्हीलबेस जितका आखूड तितकं मागच्या ट्रेलरचं ऐकावं लागतं, दोन बाइकचा छोटा ट्रेलर ठीक आहे, जीप लादलेला नाही.

गावात कमी चालवली तर डिझेलला काही होतं का?

होतं. बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुराचा फिल्टर) असतो, त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडी जरा वेळ सलग तापलेली लागते. कोथरूड ते डेक्कन, डेक्कन ते कोथरूड एवढंच केलंत तर दिवा लागणार. आठवड्यातून एकदा हायवेवर तळेगावपर्यंत एका दमात जाऊन या, दिवा लागल्यावर नाही, आधीच.

सेकंडहँड व्ही-क्रॉस घेताना काय बघू?

मागे वाकून हिचची भोकं बघा, विकणारा म्हणेल कधी काही ओढलं नाही आणि चेसिसला बोल्टच्या खुणा असतील. ओढलं म्हणजे वाईट असं नाही, खोटं बोलला ते वाईट. दोन्ही बाजूचे कमानपाटे सपाट झालेत का, ब्रेक डिस्क निळसर पडल्यात का, मॅन्युअल असेल तर चढावर तिसऱ्यात टाकून क्लच घसरतो का. फोर-लो लावून दहा फूट पुढे, दहा फूट मागे, बऱ्याच जणांनी घेतल्यापासून लावलेलंच नसतं आणि ते अडकून बसतं.

टेस्ट ड्राइव्ह नेमकी कुठे घेऊ?

शोरूमवाला सर्व्हिस रोडवरून गुळगुळीत चक्कर मारून आणतो, त्यावर जाऊ नका. पौड रोडने चांदणी चौकात या, तिथला कुठला रॅम्प कुठे उतरतो ते कळलं तर पाषाण-सूसकडे, स्पीड ब्रेकरवरून नेहमीच्या वेगाने, एकदा मागच्या सीटवर बसून, आणि शेवटी तुमच्याच सोसायटीत नेऊन तुमच्याच जागेत रिव्हर्स लावून बघा. एवढं करू द्यायला नाही म्हणाला तर दुसरा डीलर गाठा.